'हार्दिक'चं 'हार्‌दकि' होतंय? आधी हा एकच शब्द तपासा

"मराठी नीट टाईप केलंय, तरी फोटोशॉपमध्ये वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते आणि जोडाक्षरं सुटी होतात. प्लीज मदत करा, अर्जंट आहे."

घरबसल्या डिझाईन शिकणारी माणसं हा प्रश्न किती वेळा विचारतात याला गणती नाही. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, 'अर्जंट' मात्र कायम असतं. मीही हाच प्रश्न विचारला होता. मिरजेत एका फ्लेक्सच्या दुकानात सकाळी बिलं करायचे आणि दुपारी मशीन रिकामं असलं की फोटोशॉप शिकायचे. शिकवणारं कुणी नव्हतं. हिंदी व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, तसंच करून बघायचं. लेयर, मास्क, पेन टूल, सगळं हळूहळू हाताला बसलं. अडलं ते वाढदिवसाच्या पहिल्याच बॅनरला. कारण व्हिडिओतला माणूस कायम इंग्रजीत 'हॅपी बर्थडे' लिहायचा आणि मला लिहायचं होतं 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

माझ्या प्रश्नाला चार उत्तरं आली. एक, 'फॉन्ट बदल'. दोन, 'भाऊ, कोरल वापर' (मी भाऊ नाही, पण ते असो). तीन, कुणीतरी हजार फॉन्टची झिप फाईल पाठवली. चार, 'माझ्याकडे बरोबर येतंय'. या चौथ्या उत्तराचा मला सगळ्यात जास्त राग आला होता, आणि उपयोग झाला तो नेमका त्याचाच. त्याबद्दल शेवटी सांगते.

हा बिघाड एकाच ठिकाणी नसतो. तो मजकुरात असेल, फॉन्टमध्ये असेल, प्रोग्रॅममध्ये असेल किंवा जिथे फाईल पाठवली त्या मशीनवर असेल. चारही ठिकाणी वरवर 'मराठी तुटतंय' एवढंच दिसतं. म्हणून लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात. आधी बिघाड कुठे आहे ते शोधायचं, आणि त्यासाठी एक शब्द पुरतो: 'हार्दिक'. तो निवडण्याचं कारण एवढंच की त्यात द या एकाच अक्षरावर वेलांटीही आहे आणि रफारही. शिवाय महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौकात तो लिहिलेला सापडतो.

सात कळा

विंडोजच्या मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर 'हार्दिक' असा उमटतो: यू, ई, जे, डी, ओ, एफ, के. म्हणजे ह, काना, र, हलन्त, द, वेलांटी, क. सात कळा, सात खुणा, आणि फाईलमध्येही त्या याच क्रमाने साठतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि खुणेला ठरलेला क्रमांक देणारी आजची सर्वमान्य पद्धत, आणि तिचा क्रम हा बोलण्याचा क्रम आहे. तोंडातून आधी अर्धा र निघतो, मग द, मग इ. तुम्ही इनस्क्रिप्ट वापरत नसाल, २०१९ नंतरच्या विंडोज १० मधला फोनेटिक कळफलक वापरत असाल किंवा मोबाईलवर बोलून टाईप करत असाल, तरी आत साठतं ते हेच.

कागदावर लिहिताना मात्र हात वेगळा चालतो. वेलांटी द च्या आधी येते आणि रफार द च्या डोक्यावर जातो. म्हणजे साठवलेल्या क्रमातून दिसणारा क्रम कुणीतरी जुळवावा लागतो. हे काम फॉन्ट एकटा करत नाही, आणि घोळ नेमका इथेच होतो. जुन्या छापखान्याची कल्पना करा. फॉन्ट म्हणजे खिळ्यांची (शिशाच्या सुट्या अक्षरांची) केस, म्हणजे खणाखणांची पेटी. त्यात रफार आहे, अर्धा च आहे, जोडलेला 'च्छ' आहे, आणि कुठे काय बसवायचं याचे नियमही लिहून ठेवलेत. पण ते नियम वाचून खिळे उचलणारा जुळारी प्रोग्रॅमच्या आत असतो. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने त्याला नावच 'कंपोझर' दिलंय, आणि छापखान्यातली जुनी माणसं जुळाऱ्याला कंपोझिटर म्हणायचीच.

जुळारी जागेवर नसला की खुणा जशा साठल्या तशाच ओळीत उभ्या राहतात: हा, मग पाय मोडलेला र, मग द, मग वेलांटी, मग क. वेलांटी द आणि क यांच्या मध्ये पडते, आणि डोळ्याला ती 'कि' वाटते. म्हणून 'हार्‌दकि'. 'शुभेच्छा'मध्ये 'च' आणि 'छ' वेगवेगळे, मध्ये हलन्ताची शेपटी.

तेव्हा वेलांटी पुढच्या अक्षरावर गेलेली दिसली तर समजा, मजकूर बहुधा ठीक आहे. खात्री हवी असेल तर तोच मजकूर नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे 'हार्दिक' बरोबर दिसला तर मजकूर नक्की ठीक. अशा वेळी हजार फॉन्ट टाकले तरी काही फरक पडणार नाही, कारण केस भरलेली आहे, जुळाऱ्याचाच पत्ता नाही.

जुळाऱ्याला कामावर बोलावणे

फोटोशॉपची जुनी सीसी आवृत्ती असेल तर एडिट मेनूतून प्रेफरन्सेस, त्यात टाईप. तिथे टेक्स्ट इंजिनचा पर्याय असतो. 'ईस्ट एशियन' काढून 'मिडल ईस्टर्न अँड साऊथ एशियन' निवडा. फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. निम्मे लोक इथे थांबतात आणि 'केलं, तरी होत नाही' म्हणून परत येतात. अजून एक पायरी राहते. पॅराग्राफ पॅनेलच्या उजव्या कोपऱ्यात बारीक रेघांचं बटण असतं. त्यात 'वर्ल्ड-रेडी' नावाचे दोन कंपोझर दिसतील, सिंगल-लाईन आणि एव्हरी-लाईन. त्यातला एक निवडायचा. मथळ्याला कुठलाही चालतो.

आणि नवीन फाईल उघडून बघा. आधीच्या फाईलमधले टेक्स्ट लेयर जुन्याच कंपोझरवर अडकलेले असतात. ते एकेक निवडून बदलावे लागतात. मी हे न कळल्यामुळे दोन संध्याकाळी घालवल्या: सेटिंग बदलायची, जुनी फाईल उघडायची, 'हार्‌दकि' बघायचं, सेटिंग परत जागेवर आणायची.

अलीकडच्या आवृत्त्यांत फोटोशॉपने हे इंजिन एक करून टाकलंय. तिथे वेगळं इंजिन निवडायचा पर्याय सापडला नाही तर शोधत बसू नका, बहुतेक वेळा मराठी आपोआप जुळतं. ज्या व्हिडिओत तो पर्याय दाखवलाय तो जुन्या आवृत्तीचा आहे, एवढंच. स्वतः शिकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. व्हिडिओ एका आवृत्तीचा, आपल्याकडे दुसरी, आणि चूक आपलीच असणार असं आपल्याला वाटत राहतं.

इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाईपखाली 'शो इंडिक ऑप्शन्स'ची चौकट असते, तिच्यात टिक करा. मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत साऊथ एशियन कंपोझर दिसायला लागतो, तो निवडा. इनडिझाईनमध्ये हेच 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' या नावाने असतं. पुस्तक किंवा स्मरणिका करत असाल तर तो पॅराग्राफ स्टाईलमध्येच घाला, जस्टिफिकेशनच्या पानावर. नाहीतर शंभर पानांत कुठेतरी एक परिच्छेद जुन्या कंपोझरवर राहतो आणि तो नेमका अध्यक्षांच्या मनोगतात असतो.

कोरलड्रॉमध्ये अशी जुळणी २०१२ च्या एक्स६ पासून आहे. गावोगावच्या दुकानांत अजून त्याआधीची आवृत्ती चालते, तिच्यात युनिकोड मराठीच्या नादी लागू नका. इंकस्केप आणि गिम्प हे फुकट प्रोग्रॅम, पण या बाबतीत सरळ. त्यांचा जुळारी कायम हजर असतो, सेटिंग काहीच नाही. म्हणून ते तपासणीलाही कामी येतात. इंकस्केपमध्ये त्याच फॉन्टमध्ये 'हार्दिक' बरोबर आला आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये तुटला, तर फॉन्ट निर्दोष सुटला.

इंग्रजीच दिसतंय, किंवा चौकोन

हा दुसरा आजार, आणि लोक त्यालाही 'मराठी तुटतंय' म्हणतात. पत्रिकेचा मजकूर गिऱ्हाईकाने पाठवला, तुम्ही छान फॉन्ट लावला, आणि समोर आली रोमन अक्षरांची खिचडी. मजकूर बहुधा कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला आहे. त्या काळात फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवले. संगणकाच्या दृष्टीने ते मराठी नाहीच. कृतीदेवमध्ये 'हार्दिक' म्हणजे जी, के, एफ, एन, मोठा झेड, डी. फॉन्ट काढला की खाली नुसती ही सहा इंग्रजी अक्षरं उरतात.

ती सहा अक्षरं जरा नीट बघा. एफ म्हणजे वेलांटी, एन म्हणजे द, मोठा झेड म्हणजे रफार. म्हणजे टाईपरायटरसारखी वेलांटी आधी, मग द, मग वरचा रफार. युनिकोडमध्ये बरोबर उलटं: अर्धा र आधी, मग द, मग वेलांटी. जुनी पद्धत हाताच्या क्रमाने जाते, नवी तोंडाच्या. कृतीदेवहून युनिकोड करणारे कन्व्हर्टर चुकतात ते याच दोन ठिकाणी, कारण त्यांना या दोन खुणा उचलून द च्या दुसऱ्या बाजूला ठेवायच्या असतात. रूपांतर केल्यावर सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान रफाराचे आणि वेलांटीचे शब्द वाचाच: कार्यक्रम, वर्धापन, स्थिती, निमंत्रित. वेलांटीच्या जागी ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसलं तर त्या वेलांटीला अक्षर मिळालेलं नाही. क्रम चुकलाय, तो शब्द पुसून नव्याने टाईप करा.

मजकूर कुठल्या जातीचा हे ओळखायची सोपी रीत: सगळा निवडा आणि फॉन्ट एरियल करा. रोमन अक्षरं आली तर जुना. मराठीच राहिलं किंवा नुसते चौकोन आले, तर युनिकोड. दहा सेकंदांचं काम आहे, पण कुणीच करत नाही.

जुन्या फॉन्टचा आणखी एक चटका: एकाच ओळीत मराठी आणि ईमेल किंवा वेबसाइट असेल तर तीही मराठी होऊन बसते. कृतीदेवमध्ये तर टिंबाच्या कळेवर अर्धा ण बसलेला आहे. पत्त्यातलं 'डॉट' अचानक अर्धा ण होतं आणि छापून आल्यावरच कळतं. इंग्रजी भाग वेगळ्या फॉन्टमध्ये, शक्यतो वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवा.

पीडीएफमधून कॉपी केलेल्या मराठीबद्दल एकच सांगते: नका करू. दिसायला नीट, आतून विस्कटलेली. मूळ फाईल मागा, नाही मिळाली तर पुन्हा टाईप करा.

फॉन्ट कधी दोषी असतो?

क्वचित. पण असतो. हजार फॉन्टच्या झिपांमध्ये अर्ध्याहून जास्त जुन्या पद्धतीचेच भरलेले असतात, आणि उरलेल्यांपैकी काहींत जोडाक्षरांचे नियमच नसतात. संशय आला तर विंडोजमधलाच मंगल किंवा निर्मला लावून बघा. मंगल दिसायला आता साधा वाटतो, पण तो र. कृ. जोशींनी केलाय आणि त्याची जुळणी पक्की आहे. मंगलमध्ये 'हार्दिक' बरोबर आणि तुमच्या आवडत्या फॉन्टमध्ये चुकीचा, असं झालं तरच फॉन्टला दोष द्या. आणि मग दुसरा घ्या. मुक्ता, बलू, नोटो सॅन्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे सगळे मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत, गिऱ्हाईकाच्या कामाला बिनधास्त वापरता येतात.

तिरोचं नाव मुद्दाम घेतलं. हिंदी वळणाचा ल आणि श मराठी मजकुरात खटकतात. आपला ल पाकळीचा. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबद्दल निर्णय काढला तेव्हा या दोन अक्षरांच्या वळणावर बरंच बोललं गेलं होतं. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण तेव्हाच उमटतं जेव्हा प्रोग्रॅमला ही मराठी आहे हे सांगितलेलं असतं. इनडिझाईन किंवा इलस्ट्रेटरच्या कॅरॅक्टर पॅनेलमध्ये भाषा 'मराठी' करा. तिरो देवनागरी मराठीत ती भानगडच नाही, वळण मराठीच आहे.

'वाऱ्यावर' टाईप करताना 'वार्यावर' उमटतं हा प्रश्नही लोक फॉन्टच्या गळ्यात मारतात. तो फॉन्टचा नाही, कळांचा आहे. साध्या र ला हलन्त देऊन य टाईप केला की रफारच येणार, 'आचार्य'सारखा. 'वाऱ्या'ला खालच्या टिंबाचा ऱ लागतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य. दऱ्या, पुढाऱ्यांचा, ऱ्हास सगळ्यांना हेच. पुढाऱ्यांच्या बॅनरवर तर हे पाठच करून ठेवा.

शिरोरेघ फाटते

सगळं जुळलं, 'हार्दिक' नीट आला, आता मथळा जरा पसरट दिसावा म्हणून ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं अंतर) वाढवलं, आणि शब्दाच्या डोक्यावरची रेघ फाटली. इंग्रजीच्या व्हिडिओतून शिकलेली ही सवय आहे. तिथे अक्षरं सुटी असतात, मध्ये हवा सोडली तर देखणी दिसतात. आपल्याकडे अक्षरं शिरोरेघेने एकमेकांना धरून असतात. युनिकोड मराठीला ट्रॅकिंग शून्य. कर्निंग (दोन-दोन अक्षरांमधलं अंतर) 'ऑप्टिकल' असेल तर 'मेट्रिक्स' करा, कधीकधी नुसत्या त्यानेही बारीक फट पडते. पसरट अक्षर हवंय तर पसरट फॉन्ट शोधा, बलूसारखा जाडजूड. काना आडवा ताणून जाड करणारे लोक मी पाहिलेत. त्यांना मी काही म्हणत नाही, पण मनात म्हणते.

स्ट्रोक दिला की उलटा त्रास. अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात, म्हणून प्रत्येकाभोवती वेगळी किनार येते आणि शब्दाच्या आत आडव्यातिडव्या रेघा दिसतात. आधी अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे टाईप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करा (कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ), मग सगळे आकार एक करा. कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. मग किनार द्या. एक होण्याआधीची मूळ प्रत बाजूला ठेवा. कर्व्ह झाल्यावर स्पेलिंग सुधारता येत नाही, आणि गिऱ्हाईकाच्या आत्याचं नाव हमखास शेवटच्या क्षणी बदलतं.

माझ्याकडे बरोबर, प्रेसमध्ये चूक

हा चौथा प्रकार. याला मी स्वतः पैसे मोजलेत. दहा बाय आठचा बॅनर होता, इलस्ट्रेटरमध्ये केलेला. माझ्या पडद्यावर चोख. घाईत फाईल तशीच एका प्रेसला पाठवली. तिथल्या मशीनवर माझा फॉन्ट नव्हता. फाईल उघडताना फॉन्ट नसल्याची चौकट आली असणारच, आणि रात्री अकराला ती कोण वाचतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात दहा फुटी 'हार्‌दकि' वाऱ्यावर फडफडत होतं. दुकानाचे मालक काका काही बोलले नाहीत. बॅनर उतरवून आणला, उलटा करून गाळ्याच्या छताला ताडपत्री म्हणून बांधला. पावसाळाभर मान वर केली की मला पाठमोरी अक्षरं दिसायची.

छपाईला जाणारी प्रत कायम कर्व्ह करून किंवा फॉन्ट आत घातलेल्या पीडीएफमध्ये पाठवा. आणि पाठवण्याआधी ती पीडीएफ मोबाईलवर उघडून बघा. मोबाईलवर तुमचा फॉन्ट नसतो. तिथे अक्षर बरोबर दिसलं तर फाईल स्वतःच्या पायावर उभी आहे.

तरीही नाही सुटलं तर विचारायचं कसं?

इथवर सगळं करून पाहिलं असेल तर तुमचा प्रश्न आपोआप चांगला झालेला असेल. तरी काही गोष्टी सांगते, कारण उत्तरं न मिळण्याचं खरं कारण बऱ्याचदा प्रश्नातच असतं.

मॉनिटरचा मोबाईलने काढलेला फोटो टाकू नका. तिरका, चमकणारा, त्यात वेलांटी कुठे आहे ते कुणाला दिसणार. स्क्रीनशॉट घ्या, आणि त्यात टेक्स्टबरोबर पॅराग्राफ आणि कॅरॅक्टर पॅनेल उघडी ठेवा. उत्तर देणारा आधी तिथेच बघतो. पूर्ण बॅनर पाठवू नका. नवीन कोरी फाईल घ्या, एक शब्द टाईप करा, तो तुटलेला दाखवा. कोऱ्या फाईलमध्ये तो तुटलाच नाही, तर उत्तर तुमचं तुम्हाला मिळालं: बिघाड जुन्या फाईलमध्ये आहे.

आणि मजकूर चित्राबरोबर अक्षरांतही लिहा, म्हणजे समोरचा तो कॉपी करून स्वतःच्या मशीनवर बघू शकेल. लोक हे विसरतात.

इंग्रजीत विचारताना आणखी एक भान ठेवा. समोरचा माणूस प्रोग्रॅममधला उस्ताद असेल, पण त्याला देवनागरी वाचता येत नाही. त्याला 'हार्दिक' आणि 'हार्‌दकि' दोन्ही सारखेच नक्षीदार दिसतात. चूक कुठे आहे हे त्याला कळायला मार्ग नाही, म्हणून तो 'छान दिसतंय की' असं लिहून मोकळा होतो. दोन चित्रं शेजारी ठेवा, डावीकडे चुकलेलं, उजवीकडे नोटपॅडमधलं बरोबर, आणि वेलांटीभोवती लाल गोल. न वाचता येणाऱ्यालाही फरक दिसला पाहिजे.

मी आता विचारते ते साधारण असं:

"विंडोज १०, इलस्ट्रेटर (आवृत्ती अमुक). फॉन्ट मुक्ता, मजकूर युनिकोड, इनस्क्रिप्टने टाईप केलेला. नोटपॅडमध्ये आणि इंकस्केपमध्ये 'हार्दिक' बरोबर येतो. इलस्ट्रेटरच्या नवीन फाईलमध्ये वेलांटी क च्या आधी जाते, चित्रात लाल गोल केलाय. इंडिक ऑप्शन्सला टिक आहे. मंगल लावूनही तेच. पॅनेलचा स्क्रीनशॉट सोबत. कंपोझर कुठे बघायचा?"

असा प्रश्न लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर सापडतं आणि तो पाठवायची गरजच उरत नाही. उरलेल्या वेळी पहिलंच उत्तर कामाचं येतं, कारण 'फॉन्ट बदल' म्हणायला जागाच ठेवलेली नसते. 'अर्जंट' लिहू नका. त्याने कुणी लवकर येत नाही. आणि सुटलं की काय केल्याने सुटलं ते खाली लिहून ठेवा, नुसतं 'झालं, थँक्स' नको. तोच प्रश्न शोधत आलेल्या पुढच्या माणसाला 'झालं' वाचून जो संताप येतो, तो मी अनुभवलाय.

आता ते चौथं उत्तर. 'माझ्याकडे बरोबर येतंय' लिहिणाऱ्या दादांवर मी दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं की त्यांच्याकडे बरोबर येतंय आणि माझ्याकडे नाही, म्हणजे दोन मशीनमध्ये काहीतरी वेगळं आहे आणि तेच मला हवंय. त्यांना विचारलं, दादा, तुमच्या पॅराग्राफ पॅनेलचा मेनू उघडून स्क्रीनशॉट पाठवाल का? पाठवला. यादीत 'वर्ल्ड-रेडी'समोर बरोबरची खूण होती. माझ्या मशीनवर ते नावच नव्हतं. मग प्रेफरन्सेसमध्ये शोधायला किती वेळ लागणार? दहा मिनिटं. दादांना विचारलं, हे तुम्ही कधी सेट केलंत? ते म्हणाले, मी कुठे, हे मशीन घेतलं तेव्हापासून असंच आहे, आधीच्या ऑपरेटरने केलं असेल.